रांजणावरच्या सोळा खुणा

वाचकांचे प्रश्न : एसएसडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच विषयावरची, फ्लॅश मेमरीवरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. एसएसडी म्हणजे आत काही न फिरता याच मेमरीत माहिती साठवणारी डिस्क. पहिल्या उत्तरातला रांजण पुढे सगळीकडे लागणार आहे. तुमचा प्रश्न शेवटचा असला तरी पहिलं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : बर्डीवर १ टीबीची एसएसडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने दोन दाखवल्या, एक टीएलसी आणि एक क्यूएलसी. "दोन्ही सारख्याच, स्वस्तवाली घेऊन टाका" म्हणून राहिला होता. खरंच सारख्या असतात का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : सारख्या नसतात. पण म्हणून स्वस्तवाली तुमच्यासाठी वाईटच, असंही नाही.

फ्लॅश मेमरीतला एक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर, विजेचा अगदी सूक्ष्म स्विच. त्याच्या पोटात चहूबाजूंनी बंदिस्त असा एक पातळ थर असतो. लिहिताना त्याच्या गेटवर, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या टोकावर, २० व्होल्टच्या आसपास दाब दिला की इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या भिंतीतून पार होतात आणि त्या थरात अडकून बसतात. वीज गेली तरी ते तिथेच राहतात. आत जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितका जास्त व्होल्टेज दिल्यावर तो ट्रान्झिस्टर चालू होतो. सेल वाचायचा म्हणजे तो किती व्होल्टला चालू होतो एवढंच तपासायचं. जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ही मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आणला. आजच्या सगळ्या एसएसडी नँडवर चालतात.

आता ओसरीवरचा मातीचा रांजण डोळ्यांपुढे आणा. रांजण म्हणजे सेल, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. तो भरलेला आहे की रिकामा, एवढंच विचारलं तर उत्तर एका बिटात, म्हणजे एका शून्य-किंवा-एकात मावतं. ही एसएलसी. त्याच रांजणाच्या आत चार पातळ्यांच्या खुणा केल्या तर दोन बिट मावतात, ती एमएलसी. आठ खुणा केल्या की तीन बिट, ती टीएलसी. सोळा खुणा केल्या की चार बिट, ती क्यूएलसी. रांजण तेवढाच राहिला, खुणा मात्र दाटीवाटीने आल्या. आणि मातीचा रांजण झिरपतोच. एसएलसीत चार बोटं पाणी कमी झालं तरी "भरलेला" हे उत्तर बदलत नाही. क्यूएलसीत एक बोट उतरलं की बाराव्या खुणेचं पाणी अकरावीवर दिसतं, म्हणजे माहिती चुकली.

वेग, आयुष्य आणि टिकाव, तिन्हींचं मूळ इथेच आहे. एसएलसी वाचायला एका व्होल्टेजवर तपासणी पुरते. सगळ्या पातळ्या ओळखायला टीएलसीत सात सीमा लागतात आणि क्यूएलसीत पंधरा. लिहिताना कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा कारभार पाहणारी चिप, इलेक्ट्रॉन एकदम ओतत नाही. थोडा ओततो, मोजतो, पुन्हा थोडा ओततो. खुणा जवळ आल्या की लोटा लहान घ्यावा लागतो आणि फेऱ्या वाढतात. दर वेळी लिहिता-पुसताना ऑक्साइडच्या भिंतीला सूक्ष्म इजा होते आणि झिरपणं वाढत जातं. म्हणून लिहून पुसण्याच्या फेऱ्यांचे ढोबळ आकडे असे पडतात : एसएलसी ५० हजार ते १ लाख, एमएलसी ३ ते १० हजार, टीएलसी १ ते ३ हजार, क्यूएलसी काहीशे ते हजारभर.

यात एक हिशेब फार बोलका आहे. एका बिटावरून दोनावर गेलं की जागा दुप्पट होते. दोनावरून तीनवर गेल्यास ५० टक्के वाढते, तीनवरून चारवर गेल्यास ३३ टक्के. पण खुणा मात्र दर पायरीला दुप्पट होतात. म्हणजे फायदा घटत जातो आणि त्रास वाढत जातो. क्यूएलसीचा वाचलेला पैसा या ३३ टक्क्यांतून येतो. दुकानात किमतीतला फरक त्याच्या जवळपासही नसेल, दोन-चारशे रुपयांचाच असेल, तर टीएलसी घ्या. तिथे विचारसुद्धा करू नका.

फेऱ्यांच्या आकड्याने मात्र घाबरू नका. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीवर ६०० टीबीडब्ल्यू, म्हणजे ६०० टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी, हा आकडा सर्रास दिसतो. क्यूएलसीत २०० किंवा ३६० दिसतो. तुम्ही रोज ४० जीबी लिहिलं, आणि विद्यार्थी सहसा एवढं लिहीत नाही, तरी वर्षाला साडेचौदा टीबी होतात. २०० टीबीडब्ल्यूची डिस्कसुद्धा या हिशेबाने तेरा वर्षं जाईल. घरच्या वापरात क्यूएलसी झिजून मरत नाही, ती अडखळते. कशी, ते पुढच्या उत्तरात आहे. विंडोज, कोडिंग, अभ्यासाचे व्हिडिओ आणि गेम यांसाठी ती चालते. मोठ्या फायलींची सतत ने-आण असेल तर घेऊ नका.

खोक्यावर हे शोधायचं कसं? काही खोक्यांवर "३-बिट एमएलसी" असं छापतात. ती टीएलसीच. "४-बिट एमएलसी" म्हणजे क्यूएलसी. प्रकार कुठेच लिहिला नसेल तर टीबीडब्ल्यूचा आकडा आणि वॉरंटीची वर्षं पाहा. १ टीबीला २०० च्या आसपास आकडा असेल तर आत बहुधा क्यूएलसी आहे. स्वस्त मॉडेलांमध्ये नाव तेच ठेवून पुढच्या खेपेत आतली चिप बदललेली असू शकते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबू नका.

प्रश्न : लग्नाचं शूटिंग झालं की ३०० जीबीच्या आसपास फुटेज एसएसडीवर टाकतो. पहिली दोन मिनिटं ५०० एमबीने पळते, मग ८० वर येते ती येतेच. डिस्क नवीन आहे. खराब निघाली का?
— व्हिडिओग्राफर, मानेवाडा

उत्तर : खराब नाही. चुकीच्या कामाला लावलेली आहे.

टीएलसी आणि क्यूएलसी डिस्क आपल्या काही सेलांत तात्पुरता एकच बिट लिहितात. म्हणजे सोळा खुणांचा रांजण थोडा वेळ भरला-रिकामा एवढ्यावर वापरायचा. त्यामुळे लिहिणं झपाट्याने होतं. नंतर डिस्कला उसंत मिळाली की ती ही माहिती चार-चार बिटांत दाबून भरते आणि जागा मोकळी करते. ही मोकळी जागा भरली आणि तुमची कॉपी अजून सुरूच असली, की खरा क्यूएलसीचा वेग उघडा पडतो.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी मालिकेत १ टीबी मॉडेलसाठी कंपनीने स्वतःच छापलेले आकडे पाहा. वेगवान जागा ४२ जीबी, त्यानंतर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. तुमचा आकडा अगदी हाच आहे. पहिले ४२ जीबी दीड मिनिटात जातात. उरलेले २५८ जीबी ८० च्या वेगाने जायला ५४ मिनिटं लागतात. साटा या जुन्या जोडणीवरची चांगली टीएलसी डिस्क हेच ३०० जीबी दहा-अकरा मिनिटांत घेते. लग्नघरी दुसऱ्या दिवशीच्या हळदीआधी कार्ड रिकामी करायची असतात तेव्हा हा पाऊण तास किती महाग पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

त्या ४२ पैकी कायम राखलेली जागा फक्त ६ जीबी आहे. बाकीची ३६ डिस्कच्या रिकाम्या भागातून उसनी घेतलेली, आणि क्यूएलसीत ३६ जीबी अशा पद्धतीने लिहायला १४४ जीबीची जागा अडते. डिस्क भरत आली की ही उसनवारी आटत जाते. म्हणून :

डिस्कचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. कॉपी संपल्याबरोबर केबल काढून पिशवीत टाकू नका. तासभर तरी वीज चालू राहू द्या, म्हणजे ती आतलं आवरून घेईल. लगेच काढली तर पुढच्या लग्नाला ती वेगवान जागा भरलेलीच मिळेल.

वेग पडण्याची आणखी दोन कारणं असतात, तीही तपासा. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून कॉपी चालू असताना तापमान पाहा. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची डिस्क ७५-८० अंशांच्या आसपास गेली की कंट्रोलर स्वतःहून वेग कमी करतो. मे महिन्यात मांडवात पारा ४५ वर असताना छोट्या डबीतल्या एनव्हीएमईचं हे हमखास होतं. तापण्यामुळे पडलेला वेग खाली-वर होत राहतो. क्यूएलसीमुळे पडलेला वेग एकदा पडला की सरळ रेषेत चालतो. आणि वेग सुरुवातीपासूनच ३५-४० एमबी असेल तर डिस्कला दोष देऊ नका, तुम्ही यूएसबी २ च्या पोर्टला लावली आहे.

तुमच्या धंद्याला टीएलसीच हवी. हिशेब करून क्यूएलसीच ठेवायची असेल तर झालेल्या कामांचं फुटेज वाचण्यासाठी ठेवा. वाचण्यात तिचा त्रास फारसा जाणवत नाही.

प्रश्न : दुकानाचा मागच्या सात वर्षांचा टॅलीचा डेटा आणि बिलांची स्कॅनिंग एका एसएसडीत टाकून गोदामातल्या लोखंडी आलमारीत ठेवली आहे. वर टिनाचं छप्पर आहे. मुलगा म्हणतो एसएसडीत काही फिरत नाही, म्हणून ती कधीच बिघडत नाही. बरोबर आहे ना जी?
— किराणा व्यापारी, इतवारी

उत्तर : काका, नाही. हे पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून सगळं सविस्तर सांगतो. आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ती एसएसडी गोदामातून घरी न्या, मग पुढचं वाचा.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे पडली-आदळली तरी हार्डडिस्कसारखी मरत नाही. पण वर सांगितलेला रांजण झिरपतो, आणि उन्हात जास्त झिरपतो. वीज नसलेल्या एसएसडीने माहिती किती काळ सांभाळावी याचा जेडेक या संस्थेचा मानदंड आहे. घरगुती वापराच्या डिस्कने, तिचा ठरलेला टीबीडब्ल्यू पूर्ण वापरून झाल्यावरही, ३० अंशांत एक वर्ष माहिती राखली पाहिजे. सर्व्हरच्या डिस्कसाठी अट ४० अंशांत तीन महिन्यांची आहे. ठेवण्याचं तापमान साधारण ५ अंशांनी वाढलं की ही मुदत निम्म्यावर येते.

हा मानदंड झिजलेल्या डिस्कचा आहे, हे नीट लक्षात घ्या. तुमची डिस्क थोडीच लिहिलेली असेल तर ती यापेक्षा पुष्कळ जास्त टिकेल. उद्याच माहिती उडेल असं नाही. पण नवतप्यात टिनाखालची बंद लोखंडी आलमारी म्हणजे भट्टी. तिथे ३० अंशांचा हिशेब कुठे लागतो? आणि एसएसडी जाताना हार्डडिस्कसारखा खडखडाट करून आगाऊ कळवत नाही.

ज्या दिवशी जीएसटीची नोटीस येईल त्या दिवशी फाइल उघडली पाहिजे, एवढंच आपल्याला हवं. कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणजे सहा उन्हाळे. त्यासाठी असं करा.

दोन साध्या हार्डडिस्क घ्या. दोन्हींवर सगळा डेटा टाका. एक दुकानात, एक घरी, तळमजल्याच्या किंवा मधल्या मजल्याच्या खोलीतल्या कपाटात. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ओल धरते. बिलांची स्कॅनिंग २५ जीबीच्या कोऱ्या, एकदाच लिहिता येणाऱ्या (बीडी-आर) ब्लू-रे डिस्कवरही लिहून ठेवता येते. एकदा लिहिलं की त्यात चुकूनही खाडाखोड होत नाही.

कॉपी खरी उतरली का, हे नुसतं फोल्डर उघडून कळत नाही. संगणकावर ७-झिप हा प्रोग्राम टाका. वर्षाच्या डेटाची एक झिप फाइल करा, तिच्यावर उजवी क्लिक, मग सीआरसी एसएचए, त्यात एसएचए-२५६. चौसष्ट अक्षरांची एक ओळ येईल. ती छापून त्या वर्षाच्या खतावणीला टाचा. पुढे कधीही हीच कृती केल्यावर तीच ओळ आली तर फाइल बिटाबिटाने शाबूत आहे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी त्या प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही, दुसरी काढायची.

एसएसडी तिसरी प्रत म्हणून राहू द्या. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, ती लावा. नुसती लावून काढून ठेवण्याने भागेलच असं नाही. सगळ्या फायली दुसरीकडे कॉपी करा, म्हणजे प्रत्येक सेल वाचला जातो. मग एसएसडी फॉरमॅट करून त्या परत टाका, म्हणजे रांजण पुन्हा खुणेपर्यंत भरले जातात. हे काम दुपारच्या उकाड्यात झालं तरी चालेल. गरम असताना लिहिलेलं उलट भिंतीला कमी इजा करतं. ठेवताना मात्र गार जागाच हवी.

आणि महत्त्वाचं : एसएसडीतली फाइल चुकून डिलीट झाली तर हार्डडिस्कसारखी परत मिळेल या आशेवर राहू नका. विंडोज ट्रिम नावाची सूचना देऊन ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवतं, आणि डिस्क सवडीने ती पुसून टाकते.

प्रश्न : दुकानातल्या कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड दर वर्षी-दीड वर्षाला जाते. आता तर फॉरमॅट केलं की "झालं" म्हणते आणि काढून लावलं की जुन्याच क्लिप दिसून राहिल्या. हे काय भूत आहे?
— मेडिकल स्टोअर, सदर

उत्तर : कार्डाने हात टेकले आहेत, दुसरं काही नाही. सेल झिजले, बदली द्यायला राखीव जागा उरली नाही, की कार्डातला कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो. फॉरमॅटची आज्ञा तो ऐकून घेतो, लिहीत काहीच नाही. त्यातल्या क्लिप हव्या असतील तर आजच काढून घ्या.

कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला ४३ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड दीड दिवसात एकदा भरतं, म्हणजे वर्षाला जवळपास अडीचशे वेळा. वरवर हा आकडा छोटा वाटतो. पण फ्लॅशमध्ये लिहिता येतं १६ केबीच्या आसपासच्या एका पानात आणि पुसावा लागतो काही एमबीचा अख्खा ब्लॉक. एका पानासाठी सगळी वही कोरी करायची, तसं. कॅमेरा मध्येमध्ये वेळेच्या छोट्या नोंदी लिहितो, त्या प्रत्येकीसाठी साध्या कार्डाला ब्लॉकमधली बाकीची पानं उचलून दुसरीकडे न्यावी लागतात. झीज दुप्पट-तिप्पट होते. स्वस्त क्यूएलसीचे पाचशे-हजार फेरे यात सहज संपतात.

खोक्यावर "एंड्युरन्स" लिहिलेलं, रेकॉर्डिंगच्या तासांची वॉरंटी देणारं कार्ड घ्या, आणि १२८ जीबीचं घ्या. जागा दुप्पट झाली की फेऱ्या निम्म्या होतात. फॉरमॅट संगणकात नको, कॅमेऱ्यातच करा. चारपेक्षा जास्त कॅमेरे असतील तर कार्डांचा नाद सोडून हार्डडिस्कचा रेकॉर्डर बसवा.

प्रश्न : मी लॅपटॉप रिपेअरिंग शिकून राहिलो आहे. बायोसची चिप आठ पायांची, १६ एमबीची. एवढ्या एसएसडी स्वस्त झाल्या तर बायोस त्यातच का ठेवत नाहीत? आणि ती चिप वाचताना काय सांभाळायचं?
— प्रशिक्षणार्थी, महाल

उत्तर : बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताना प्रोसेसर सगळ्यात आधी वाचतो तो प्रोग्राम. तो ज्या चिपमध्ये असतो ती नॉर फ्लॅश आहे. नँडमध्ये सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक ओवलेले असतात, आजकाल शंभरावर, कारण ते थरांवर थर रचून उभे केलेले असतात. सॅमसंगने २०१३ मध्ये अशी २४ थरांची चिप आणली, आता दोनशेच्या वर थर होतात. एक मणी वाचायला बाकी सगळे उघडावे लागतात, म्हणून वाचणं पानापानाने होतं, वर चुका दुरुस्त करायला कंट्रोलर लागतो. नॉरमध्ये प्रत्येक सेल थेट तारेला जोडलेला असतो. हवा तो बाइट लगेच आणि बिनचूक मिळतो. बटण दाबल्याक्षणी प्रोसेसरला हेच हवं असतं, कारण तेव्हा एसएसडीचा कंट्रोलर जागासुद्धा झालेला नसतो. प्रत्येक सेलला वेगळी जोडणी द्यावी लागते म्हणून जागा जास्त जाते आणि १ टीबीची नॉर परवडत नाही.

वाचताना : अ‍ॅडॉप्टर काढा, मुख्य बॅटरीचा कनेक्टर काढा, नाण्यासारखी छोटी बॅटरी असेल तर तीही. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय, चिपला लावायच्या क्लिपची लाल तार तिथे. चिपचा नंबर भिंगातून पाहून डेटाशीटमध्ये व्होल्टेज तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत १.८ व्होल्टची चिप येते; तिला १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर न लावता ३.३ दिले तर ती जाऊ शकते. काळ्या बोर्डाच्या स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामरमध्ये (चिप वाचायच्या-लिहायच्या उपकरणात) तर डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून मल्टीमीटरने आधी मोजा.

चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फायली जुळवा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. पाय इरेझरने हलके घासून पुन्हा लावा. दोन वाचनं तंतोतंत जुळल्याशिवाय चिप पुसायची नाही. मूळ फाइल गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवा. लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि बऱ्याचदा विंडोजची की त्यातच असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपची फाइल चढवली तर मशीन चालू होईलही, पण नंबर दुसऱ्याचा दाखवेल आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होईलच असं नाही.